मगदूम मॅडम आणि न चढलेला डोंगर

मगदूम मॅडम सूर्य मावळायच्या आत जेवायच्या, आणि त्या जेवायच्या म्हणून आमचा अख्खा भूशास्त्र विभाग सूर्य मावळायच्या आत जेवायचा.

कॉलेजात नव्हे. कॉलेजात कोण कधी जेवतो याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. पण अभ्याससहलीला, ज्याला आम्ही सगळे नुसतं 'फील्ड' म्हणायचो, तिथं हा नियम कडक होता. दिवसभर दगड फोडून आलेली पोरं ऊन पुरतं उतरायच्या आत ताटावर बसायची. नव्या पोरांना पहिल्या दिवशी हसू यायचं, रात्री पुन्हा भूक लागायची आणि बॅगांतून चिवड्याची पाकिटं निघायची. पण कुरकुर कुणी केली नाही. विभागप्रमुख देशमाने सरांनी शिस्तीच्या बाबतीत देवाचंही ऐकलं नसतं. पण तेही पश्चिमेकडं बघून म्हणायचे, 'चला, मॅडमचं जेवण.'

मॅडम सांगलीकडच्या शेतकरी जैन घरातल्या. रात्री न जेवण्याचा नेम लहानपणापासूनचा. एक बाई बाजूला बसून एकटी जेवतेय आणि बाकीचे दगड फोडतायत, हे बरं दिसत नाही, असं कधीतरी कुणाला तरी वाटलं असणार. त्यानं सगळ्यांचं जेवण अलीकडं आणलं आणि पुढं तीच रीत झाली. मॅडमनी ते मागितलं नव्हतं. पण ते त्यांच्या लक्षात राहिलं होतं.

कृष्णाकाठच्या त्या कॉलेजात मी भूशास्त्राला गेले तेव्हा माझ्या पिशवीत पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील एका कष्टकरी संघटनेचं काम करायचे. आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे उशाला घेऊन झोपायची सवय होती. अन्याय दिसला की मी आधी त्याचं शीर्षक ठरवायचे. मॅडमनी पहिल्याच महिन्यात मला 'पत्रकवाली' नाव दिलं, आणि ते शेवटपर्यंत टिकलं.

त्या दिसायला किरकोळ होत्या. कॉलेजात इस्त्रीची सुती साडी. फील्डला मात्र तीच साडी घोट्याच्या वर खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट, अंगात साडीवर पुरुषी फुल शर्ट आणि डोक्याला टॉवेल. आमच्याकडं बायका शेतात तण भांगलायला निघतात तो अवतार. दुसऱ्या कॉलेजच्या एका प्राध्यापकांनी एकदा चेष्टेत विचारलं, मॅडम, मजुरीला का? मॅडम म्हणाल्या, 'व्हय. येताय का? माणूस कमी पडतोय.'

बोलणं असंच होतं. वर्गातही त्यांनी आपली भाषा घासूनपुसून घेतली नव्हती. फार चिडल्या की कानडी 'साकु' निघायचं, म्हणजे पुरे. नवा खडक दाखवला की इंग्रजी नाव सांगायच्या आधी विचारायच्या, 'तुमच्या घरी याला काय म्हणत्यात?' कुणी मुरूम म्हणायचं, कुणी कच्चा खडक, शिरवळकडचं पोरगं आणखी काही. फळ्यावर ती सगळी नावं आधी, पुस्तकातलं शेवटी. 'पुस्तकातलं पाठ करा, परीक्षेला लागतंय. पण घरचं नाव विसरून हितं आलात तर दगड वळखणार न्हाई तुमाला.' मराठी शाळांतून आलेली, इंग्रजीच्या तासाला बाकाखाली जागा शोधणारी आम्ही पोरं त्या एका तासाला मोठ्यानं बोलायचो.

विभागात एक जुनी पद्धत होती. फील्डला हातोडा पोरांच्या हातात आणि नमुन्यांची पिशवी पोरींच्या. पोरगे फोडणार, पोरी तुकडे गोळा करणार, चिकटपट्टीवर क्रमांक लिहिणार. कुणी तसं सांगितलेलं नव्हतं, त्यामुळं कुणाशी भांडायची सोय नव्हती. मॅडम मुलांना घेऊन निघाल्या की टेम्पोतून उतरल्याबरोबर एवढंच म्हणायच्या, 'काल पिशवी कुणाकडं होती? त्यांनी हातोडा घ्या.' झालं. पोरांची अक्षरं इतकी वाईट की त्या वर्षीच्या निम्म्या नमुन्यांवर काय लिहिलंय ते अजून विभागाला लागलेलं नाही. देशमाने सरांनी तक्रार केली. मॅडम म्हणाल्या, 'सर, पोरींनीबी पहिल्यांदा हातोडा बोटावर मारला हुता. शिकतील.'

पाण्याचंही असंच. फील्डच्या दिवशी आम्ही पोरी सकाळपासून पाणी प्यायचो नाही. उघडा माळ, सोबत चाळीस माणसं, जायचं कुठं? ओठ कोरडे पडायचे, डोकं ठणकायचं आणि सगळे म्हणायचे, पोरींना ऊन सोसत नाही, हा विषय त्यांचा नव्हे. एकदा एक मुलगी चक्कर येऊन पडली तेव्हा सरांनी खरोखर काळजीनं सुचवलं की पुढच्या वेळी मुलींना अर्धाच दिवस न्यावं. पुढच्या फील्डला मॅडमनी टेम्पोत आडोशासाठी बांबू आणि रोपवाटिकेचं हिरवं जाळीचं कापड दुहेरी शिवून टाकलं. टेम्पो सुटायच्या आधी स्वतः सगळ्यांसमोर तांब्याभर पाणी प्यायल्या, आणि प्रत्येक मुलगी पाणी पिईपर्यंत ड्रायव्हरला किल्ली दिली नाही. सर घड्याळाकडं बघत होते. वाटेत दर थोड्या वेळानं गाडी थांबवायची म्हणजे वेळ किती जातो, असं ते म्हणाले.

'सर,' मॅडम म्हणाल्या, 'तुमाला भिंत चालती. आमाला चालत न्हाई.'

पोरगे खाली बघून हसले. सरही हसले, जरा उशिरानं. त्यानंतर पोरींना ऊन सोसू लागलं.

चालण्याचाही त्यांचा एक नियम होता. सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढं, आणि त्या स्वतः सगळ्यात मागं. आम्ही विचारलं तर म्हणायच्या, 'मागं राहिलेल्याला दगड दिसत न्हाईत, पुढच्यांच्या पाठी दिसत्यात.'

आरती खरात आमच्या वर्गात होती. माण तालुक्यातली, दहिवडीच्या पलीकडची, मेंढरं असलेल्या घरातली. लहानपणी कळप रस्ता ओलांडत असताना ट्रकखाली तिचा डावा पाय सापडला होता. पाय वाचला, पण त्यात जोर राहिला नाही. कॅलिपरचा बूट आणि एक कुबडी. हुशार होती, पण पहिली येणारी नव्हे, आणि जिभेला धार होती. वर्गातल्या सागर नावाच्या भल्या मुलानं एकदा तिचा हातोडा न विचारता उचलून घेतला, तेव्हा ती म्हणाली, 'दे हिकडं. पाय मोडलाय माझा, हात न्हाई.'

तिसऱ्या वर्षाला मोठं फील्ड असायचं. पश्चिमेकडच्या एका डोंगरावर चढून लाव्हाचे थर एकावर एक कसे बसलेत ते मोजायचं आणि नकाशा करायचा. देशमाने सर गेली कित्येक वर्षं तोच डोंगर चढवत आले होते. वरच्या उभ्या कातळाला पोरांनी 'देशमाने कडा' नाव ठेवलं होतं. ज्यांना चढणं शक्य नाही त्यांच्यासाठी 'संग्रहालय काम' होतं. विभागाच्या मागच्या खोलीत बसून जुने नमुने पुसायचे आणि मांडायचे. दिवस भरलेली एक विद्यार्थिनी तिथं बसली होती, जिच्या घरचे बाहेर राहू देत नव्हते ती बसली होती, दम्याचा एक मुलगा बसला होता. ते पास व्हायचे. पण भूजलाच्या, खाणीच्या नोकरीसाठी शिफारस मागायला गेले की सर प्रामाणिकपणे म्हणायचे, 'मी कसं लिहू? तुम्ही डोंगर चढलेले नाही.'

सर वाईट नव्हते. त्यांना मनापासून वाटायचं की दम लागल्याशिवाय हा विषय रक्तात उतरत नाही.

आरतीला संग्रहालय काम मिळणार हे सगळ्यांनी धरलंच होतं. तिला मात्र गावात विहिरींचं पाणी का आटतं ते शोधण्याची नोकरी हवी होती, आणि तिच्या वडिलांनी एवढंच कबूल केलं होतं की कामाच्या अभ्यासात पास झालीस तर पुढं शिक, नाहीतर दहिवडीत शिलाईचा क्लास लावू. खोलीत बसून दगड पुसणं त्यांच्या लेखी कामाचा अभ्यास नव्हता. सरांच्या लेखीही नव्हता.

मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. दोन्ही बाजू भरून. विषमता, मक्तेदारी, उंचीचा अहंकार, सगळं आलं होतं. छापायच्या आधी मॅडमना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, शेवटचा नाराही वाचला, आणि म्हणाल्या, 'झकास. हे वाचून सर चिडतील. मग सोमवारी काय करायचं?'

हे त्यांचं नेहमीचं होतं. कुणी गाऱ्हाणं घेऊन गेलं की पुरतं ऐकायच्या आणि विचारायच्या, सोमवारी काय करायचं? म्हणजे सोमवारी सकाळी कॉलेज उघडल्यावर कुणी, कुठल्या खोलीत, नक्की काय वेगळं करायचं. मला तेव्हा याचा राग यायचा. अन्याय सांगणाऱ्यानंच उपायही आणून द्यायचा का, असं मी त्यांना विचारलंही. त्या म्हणाल्या, 'न्हाई गं. तू वरडायचं ते वरड, त्यानंच दार उघडतंय. पण उघडल्यावर आत ठेवायला काहीतरी पायजे का नको?' हा वाद आमच्यात कधीच मिटला नाही, आणि पत्रकं लिहिणं मी आजही सोडलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात विभागाची बैठक झाली. उन्हाळ्यामुळं दार उघडं होतं. मी आणि आरती व्हरांड्यात बसून होतो, ती पायरीवर, मी शेवटी छापलेल्या पत्रकाचा गठ्ठा मांडीवर घेऊन. आतलं सगळं ऐकू येत होतं. मॅडमनी सुचवलं होतं की यंदा तिसऱ्या वर्षाचं फील्ड माणात, विहिरींवर न्यावं. एकट्या आरतीचं नव्हे, सगळ्या वर्गाचं.

'मॅडम,' देशमाने सरांचा आवाज आला, 'एका मुलीसाठी सगळ्या वर्गाचं फील्ड बदलायचं?'

'सर, एका बाईसाठी सगळा विभाग इतकी वर्षं दिवसाउजेडी जेवतोय. उपाशी मेलं का कोण?'

आत कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

'ते वेगळं. तो तुमचा धर्म आहे.'

'धर्म माझा हाय. भूक तुमची हुती. तुमी ती माझ्यासाठी अलीकडं घेतली, मी काय अर्ज दिला नव्हता. मला तुमी सूट देऊन कोपऱ्यात बसवलं न्हाई, ताटंच लवकर मांडली. म्हणून मी हितं पाहुणी न्हाई. तिला सूट दिली की ती जन्मभर पाहुणी.'

मग सर म्हणाले, पण डोंगराशिवाय थर दिसणार कसे? मॅडम म्हणाल्या की माणातल्या लोकांनी पाण्यापायी जमिनीत जागोजाग भोकं पाडून ठेवलीत. डोंगर खालून वर चढत जे बघायचं, तेच विहिरीच्या काठावर उभं राहून वरून खाली दिसतं. खालचा पक्का काळा खडक, वरचा बुडबुड्यांच्या भोकांचा, आणि दोन लाव्हांच्या मधला तांबडा थर. गावातल्या सगळ्या विहिरींची खोली मोजली आणि जमिनीच्या उंचीशी जुळवली की नकाशा होतो. शिवाय पाणी कुठं अडकतं तेही कळतं, जे डोंगरावर कळत नाही.

सरांनी शेवटी एक अट घातली. बाहेरचे परीक्षक स्वतः जागेवर येतील, आरतीची तोंडी परीक्षा विहिरीवरच होईल, आणि ती त्यात पास झाली तरच ते पूर्ण फील्ड मानायचं. नाहीतर तिचं वर्ष संग्रहालयात.

व्हरांड्यात आरतीनं माझ्या मांडीवरच्या गठ्ठ्याकडं बघितलं. 'एवढं कागद हायतच,' ती म्हणाली, 'तर मागच्या बाजूला विहिरींची चित्रं काढू.' आणि आम्ही खरोखरच काढली, छापील ओळींच्या वरूनच. पत्रकाची एक बाजू मी कोरी सोडायला हवी होती, असं पुढं ती पुष्कळदा म्हणाली.

माणातलं ते फील्ड एका शाळेच्या वर्गात मुक्काम टाकून झालं. आम्हाला वाटलं होतं डोंगरापेक्षा सोपं जाईल. विहिरीच्या काठावर पोटावर झोपून, टेप खाली सोडून, उलट्या डोळ्यांनी थर वाचणं म्हणजे काय ते पहिल्याच दिवशी कळलं. सागरला उंचीची भीती नव्हती, खोलीची होती. काठाजवळ आला की तो रांगायला लागायचा. आरती सगळ्यात पुढं चालायची आणि आमचा सगळा जथा तिच्या चालीनं चालायचा. सुरुवातीला जीव नुसता अडकायचा. मग हळूहळू लक्षात आलं की या चालीत रस्त्याकडेचे दगड दिसतात, बांध कुठल्या खडकाचे रचलेत ते दिसतं. शेतातली माणसं हाक मारून विचारायची, कशाला आलाय रं? आणि मग स्वतःच सांगायची, आमच्या विहिरीला तांबडं लागलं तवा पाणी गेलं. पळत गेलेल्यांना हे कुणी सांगत नाही.

आणि देशमाने सर! पहिले दोन दिवस ते हातांची घडी घालून, परीक्षकाच्या नजरेनं सगळं बघत होते. तिसऱ्या दिवशी एका जुन्या विहिरीवर ते काठाच्या दगडावर बसले ते उठेचनात. आत बघत होते. संध्याकाळी, म्हणजे अर्थात उन्हं असतानाच, आम्ही जेवत होतो तेव्हा त्यांनी बूट काढले, गुडघे दोन्ही हातांनी दाबले आणि मॅडमना हळू आवाजात म्हणाले की यंदा डोंगर नव्हता ते बरंच झालं. गेल्या दोन-तीन वर्षांपासून गुडघे फार दुखतात, जिनासुद्धा जड जातो.

'मग बोलला का न्हाई, सर?'

'प्रमुखानं कसं बोलायचं?'

मॅडमनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी ठेवली. डोंगर टळल्यामुळं सगळ्यात जास्त सुटका कुणाची झाली असेल, तर ती त्यांची. वर्षानुवर्षं सगळ्यांना चढवणारा माणूस आतल्या आत कुणीतरी 'पुरे' म्हणेल याची वाट बघत होता.

परीक्षक शेवटच्या दिवशी आले. वयस्कर, मायाळू गृहस्थ. जीपमधून उतरले, चार-पाच जणांना विहिरीवर उभं करून चांगलं भाजून काढलं. सागरचा तर घाम निघाला. मग आरतीचं नाव आलं. ती कुबडी टेकत पुढं आली आणि परीक्षकांचा चेहरा पाण्यात पडलेल्या कागदासारखा मऊ झाला. तिनं केलेला नकाशा त्यांनी चाळला आणि म्हणाले, 'बाळ, तू जा, जीपमध्ये सावलीत बस. एवढ्या उन्हात आलीस हेच पुष्कळ. मी तुला पूर्ण मार्क देतोय.'

आम्हाला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. संपलं होतं सगळं. आरती पास, शिलाईचा क्लास टळला, सरांची अट पुरी. आरती मात्र जागची हलली नाही. तिनं परीक्षकांकडं नाही, मागं उभ्या असलेल्या मॅडमकडं बघितलं.

मॅडम गर्दीतून पुढं आल्या. 'सर, तिला प्रश्न विचारा.'

'कशाला, मॅडम? मी देतोय ना मार्क.'

'तेच नको. बाकीच्यांना विचारलं तसं विचारा.'

'आणि चुकली तर?'

मॅडमच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

'तर नापास करा,' त्या म्हणाल्या.

'दया नको, हक्क हवा' ही ओळ मी किती पत्रकांत लिहिली असेल! ती प्रत्यक्षात घडताना तिथं पहिल्यांदा बघितली, आणि ती बघायला अजिबात चांगली नसते. पोरीच्या हातात आलेले मार्क परत करायला लावणारी बाई त्या क्षणी आम्हाला क्रूर वाटली. देशमाने सरही पुटपुटले, 'मॅडम, असू दे की.'

पण आरतीनं कुबडी नीट रोवली. परीक्षकांनी नाइलाजानं, अगदी सोपं म्हणून, विचारलं की या विहिरीत तांबडा थर कुठं आहे.

'हितं खोल हाय, सर. पलीकडच्या विहिरीत वर हाय.'

'म्हणजे थर तिरका झाला.'

'न्हाई. जमीन तिरकी हाय. थर सरळच हाय.'

परीक्षकांच्या भुवया वर गेल्या. 'दोन विहिरी बघून एवढं छातीठोक सांगतेस?'

'दोन कुठल्या? सगळ्या बघितल्यात. पटत न्हाई तर चला, दाखवते.'

आणि ती निघाली. तिला सावलीत बसायला सांगणारे परीक्षक डोक्यावर रुमाल टाकून भर उन्हात तिच्या मागून निघाले. पुढं आरती, तिच्यामागं ते, मग आम्ही, आणि सगळ्यात मागं मॅडम. तिसऱ्या विहिरीवर दोघांचं चांगलंच जुंपलं. हा थर तोच कशावरून, दुसरा का नाही, इथं उंची चुकली असेल तर? आरती टेप दाखवत होती, मान हलवत होती, एक-दोनदा अडकली, एकदा स्वतःचा आकडा दुरुस्त केला. मग परीक्षकांनी काठावरच्या दगडातला पांढरा, चमकणारा स्फटिक बोटानं दाखवला आणि नाव विचारलं. आरतीनं नाव सांगितलं. ते चूक होतं.

'हे येत नाही?' परीक्षक कडाडले. 'तिसऱ्या वर्षाला येऊन हे येत नाही तुला? पुस्तक उघडून बघितलंय का कधी?'

मी चटकन मॅडमकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला होता. त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि एका दमात सगळं पाणी प्यायल्या. परीक्षक आरतीवर ओरडले म्हणजे आता ती त्यांच्यासाठी एक विद्यार्थिनी झाली होती, आणखी काही नाही. मला हे कळायला वेळ लागला. मॅडमना तिथंच कळलं होतं.

निकाल लागला तेव्हा आरतीला माझ्यापेक्षा कमी मार्क होते आणि सागरपेक्षा जास्त. स्फटिकाचे कापलेले होते. तिनं गुणपत्रक दोनदा वाचलं आणि म्हणाली, 'बराबर हाय. एवढंच येतं मला.' मी तिला इतकं खूश त्याआधी बघितलं नव्हतं. वडिलांना फोनवर तिनं सांगितलं की जे आलं न्हाई त्याचं कापलं, बाकी सगळं दिलं. पलीकडून ते म्हणाले, मग मास्तर खरा हाय. शिक पुढं.

त्यानंतर विभागाचं मोठं फील्ड विहिरींवरच गेलं. देशमाने सर निवृत्त होईपर्यंत त्याचं श्रेय स्वतः घेत राहिले आणि मॅडमनी ते घेऊ दिलं. 'संग्रहालय काम' ही वेगळी रांग बंद झाली. आता दगड सगळेच पुसतात. सगळं नीट झालं असं नाही. प्रयोगशाळा अजून वरच्या मजल्यावर आहे आणि तिथं नुसता जिना आहे. पुस्तकं अजून इंग्रजीतच आहेत. त्याबद्दल मी अजून लिहिते, आणि लिहिताना दर वेळी कानात आवाज येतो, मग सोमवारी?

गेल्या हिवाळ्यात मी मॅडमना पुन्हा भेटले. त्या निवृत्त होऊन सांगलीत राहतात. एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. आरती आता भूजलाच्या कामावर आहे. तिच्याच भागातल्या विहिरींवर कॉलेजची नवी पोरं आली होती, आणि तिनं मॅडमना आणि मला बोलावलं होतं. मॅडम काठी घेऊन आल्या. साडीवर तोच फुल शर्ट, डोक्याला टॉवेल. एक पोरगं भोकांच्या खडकाला काय म्हणतात ते इंग्रजीत धडाधड सांगत होतं. मॅडमनी विचारलं, 'घरी काय म्हणतोस रं?'

शेवटच्या विहिरीवरून मुक्कामाच्या शाळेकडं परतताना ऊन उतरायला लागलं. शाळेत जेवण तयार होतं, पण वाट लांब होती आणि मॅडमची चाल मुंगीची. काही अंतर गेल्यावर त्यांनी मान वर करून सूर्याचा अंदाज घेतला. त्यांना कळलं, आम्हालाही कळलं. या चालीनं पोहोचायच्या आत सूर्य जाणार आणि मॅडम उपाशी झोपणार.

'तुमी व्हा पुढं,' त्या म्हणाल्या. 'माझं काय, मी सकाळी खाईन.'

कुणी पुढं गेलं नाही. कुणी त्यांना घाईही केली नाही. आरतीनं थांबून फोन लावला, दोन वाक्यं बोलली आणि पुन्हा चालू लागली. थोड्याच वेळात समोरून दोन पोरं मोटरसायकलवर आली. मागच्याच्या मांडीवर भाकरीची पाटी, हँडलला उसळीचा डबा अडकवलेला.

'आगं, हितं मधीच कशाला?' मॅडम म्हणाल्या.

'मॅडम, तुमी तुमच्या चालीनं चाला,' आरती म्हणाली. 'जेवणाला चाकं हायत.'

शेताच्या बांधावर वर्तमानपत्रं पसरून आम्ही सगळे जेवायला बसलो. मॅडमनी दोन घास खाल्ले, उसळीत मीठ कमी आहे म्हणाल्या, पुन्हा वाढून घेतली. सूर्य समोरच्या डोंगराला टेकायच्या आत त्यांनी पाण्याचा पेला संपवला. मग पलीकडं बसलेल्या नव्या पोरींवर नजर टाकली.

'पाणी प्यालं का गं सगळ्यांनी?'

पोरी हो म्हणाल्या. एक 'नाही' म्हणाली, तर तिला तिथंच तांब्या दिला.

मग त्या काठी टेकत उठल्या आणि सवयीनं सगळ्यांच्या मागं जायला वळल्या. आरतीनं नुसतं पुढं बोट दाखवलं. मॅडमनी तिच्याकडं बघितलं. टॉवेल डोक्यावर सारखा केला आणि पुढं झाल्या. आम्ही सगळे त्यांच्यामागं, त्यांच्या चालीनं.